भिवंडीचे विणकर कुठून आले? मूळ संशोधन-लेख ओळखण्याचा एक धडा

भिवंडीच्या मागांवर काही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: 1857 च्या उठावानंतर उत्तर भारतातले मोमीन विणकर परागंदा होऊन इथे आले. पण हे पहिल्यांदा कोणी मांडलं आणि कशाच्या आधारावर? हा माग काढायला शिकलात, की मूळ संशोधन-लेख आपोआप ओळखता येतो.

इतिहासात गोंधळ होतो तो 'प्राथमिक' या शब्दामुळे. प्राथमिक साधन वेगळं आणि मूळ संशोधन-लेख वेगळा. ठाणे जिल्ह्याचं 1882 चं गॅझेटिअर घ्या. त्या काळात इंग्रज सरकार या जिल्ह्याकडे कसं बघत होतं, असा तुमचा प्रश्न असेल तर ते प्राथमिक साधन. शिलाहार काळाची माहिती त्यातून उचललीत, तर तेच गॅझेटिअर दुय्यम. ग्रंथ तोच, बदलला तो आपला प्रश्न. घराघरात सांगितली जाणारी 1857 ची आठवणसुद्धा साधनच आहे. समाज आपलं मूळ कसं आठवतो, हे तिच्यातून कळतं. पण लोक नेमके कधी आले, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

आता मूळ संशोधन-लेख बघू. डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय यांचा विणकरांच्या स्थलांतरावरचा लेख 1999 मध्ये 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू'त आला. नावात 'रिव्ह्यू' आहे म्हणून याला आढावा-लेख समजू नका; या नियतकालिकात मूळ संशोधन छापून येतं. भारतातला कारागीर पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावाला धरून राहायचा, हा रूढ समज हे दोघे तपासायला घेतात आणि इंग्रजी राजवटीच्या आधीची व नंतरची स्थलांतरं समोर ठेवतात. विणकर नेहमीच फिरते होते असं एकदा दिसलं, की 1857 या एकाच कारणावर भागत नाही. दुष्काळ, बाजारपेठ, सुताची सोय, आधी आलेले नातेवाईक, सगळंच तपासावं लागतं.

विज्ञानातल्या लेखात 'पद्धती' असा वेगळा भाग असतो. इतिहासाच्या लेखात तो बहुतेक वेळा नसतो. त्याचं काम तळटीपा करतात. म्हणून लेख हातात आला की तीन गोष्टी बघा. लेखक कोणत्या समजाशी वाद घालतोय? तळटीपांत दप्तरं, अहवाल, मुलाखती आहेत की नुसती दुसऱ्यांची पुस्तकं? आणि त्या पुराव्यावरून निघालेला निष्कर्ष त्याचा स्वतःचा आहे का? या कसोटीला पुस्तकही उतरू शकतं. हेन्स यांचं 2012 चं 'स्मॉल टाउन कॅपिटलिझम इन वेस्टर्न इंडिया' हे 1870 ते 1960 या काळावरचं पुस्तक मूळ संशोधनच आहे.

एवढी चिकित्सा कशाला, असं वाटेल. पण 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिलेल्या शहरात 'कोण कुठून आलं' हे वाक्य नुसतं प्रस्तावनेपुरतं राहत नाही. त्यावरून कोणाला तरी 'बाहेरचा' ठरवता येतं. तेव्हा तुमच्या आराखड्यात हे वाक्य आलं, तर त्याची तळटीप उघडा, मग त्या तळटीपेची तळटीप. वाट एखाद्या दप्तरापर्यंत किंवा मुलाखतीपर्यंत पोचली तर ठीक. मध्येच संपली, तर तिथून पुढचं काम तुमचं.