लेम यांच्या तुच्छतेविषयी

पोलिश विज्ञान कादंबरीकार स्तानिस्लाव लेम (१९२१–२००६) यांच्याविषयी एक मत रूढ आहे: कादंबरीकार थोर, समीक्षक मात्र आढ्यतेखोर. विज्ञानकथेला नावे ठेवता ठेवता त्यांची समीक्षाच त्यांच्यातल्या कादंबरीकाराला गिळून बसली, असेही पुढे सांगितले जाते. मला यातले काहीच पटत नाही.

पूर्वपक्ष कच्चा नाही. अमेरिकी विज्ञानकथेचा बहुतांश माल लेम यांनी बाजारू ठरवला होता. तिथल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने १९७३ मध्ये त्यांना दिलेले सन्माननीय सदस्यत्व १९७६ मध्ये काढून घेतले. बोट नियमावर ठेवले गेले, पण झोंबली होती टीका, असेच पुष्कळांना वाटले. लेखिका अर्सुला ली ग्विन यांनी तर निषेध म्हणून त्याच संघटनेच्या नेब्युला पुरस्काराच्या स्पर्धेतून आपली कथा मागे घेतली.

पण ज्याला सगळेच तुच्छ वाटते, तो अपवाद कशाला शोधेल? लेम यांनी अमेरिकी विज्ञानकथालेखक फिलिप के. डिक शोधले. १९७५ मध्ये त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला, त्यांची ‘यूबिक’ ही कादंबरी पोलिश भाषेत आणण्यासाठी खटपट केली. याच डिक यांनी आदल्या वर्षी एफबीआयला पत्र पाठवून कळवले होते की, लेम हा एक माणूस नसून कम्युनिस्टांची समिती असावी! शिवाय लेम यांची कठोर फूटपट्टी घरच्यांनाही लागू होती. १९५१ च्या ‘अस्त्रोनाउची’ या स्वतःच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीला त्यांनी पुढे भाबडी म्हणून निकालात काढले.

खरा मुद्दा ‘सोलारिस’मध्ये (१९६१) आहे. चित्रपटांमुळे ही नायक केल्विन आणि त्याच्या मृत पत्नीची प्रेमकहाणी म्हणून लोकांच्या डोक्यात बसली आहे. कादंबरी उघडा. केल्विन अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात बसून सोलारिस या ग्रहाविषयीचे जाडजूड ग्रंथ चाळतो. गीझे नावाचा अभ्यासक त्या ग्रहावरच्या महासागरातून उसळणाऱ्या आकारांना ‘मिमॉइड’, ‘सिमेट्रियाड’ अशी नावे देतो, वर्गवारी करतो. एक संप्रदाय उभा राहतो, दुसरा त्याला खोडतो, आणि महासागर जिथल्या तिथे, अनाकलनीय. घाईतला वाचक ही पाने उलटून टाकतो. माझ्या मते कादंबरीचा कणा तिथेच आहे. अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे हे परीक्षण आहे, आणि ‘परिपूर्ण पोकळी’ हा काल्पनिक पुस्तकांच्या परीक्षणांचा संग्रह यायला अजून १० वर्षे होती. म्हणजे समीक्षा ही लेम यांच्या उतारवयातली खोड नव्हे. त्यांची कथा चालायची ती तिच्याच जोरावर. माणसाचे ज्ञान कुठे थिटे पडते, हे दाखवायला त्यांना आधी ते ज्ञान रचावे लागे आणि मग तपासावे लागे. इतरांकडेही ते हेच मागत होते: परग्रह घेतलात ना, मग त्याचा विचार शेवटपर्यंत न्या, पोलिसी कथेला अंतराळवीराचा पोशाख चढवून भागवू नका.

१९७० च्या ‘फान्तास्तिका इ फुतुरोलोगिया’ या त्यांच्या समीक्षाग्रंथाच्या दोन खंडांत हीच मागणी पसरलेली आहे. ते खंड काही ठिकाणी एकांगी आहेत, पाल्हाळिकही. उत्तरकाळात लेम यांची पात्रे विरळ होत गेली, हेही खरे. पण समीक्षेने कादंबरीकार संपवला म्हणणाऱ्यांना ‘फियास्को’ या कादंबरीचा हिशेब द्यावा लागेल. ती १९८० च्या दशकात, त्या खंडांनंतर पंधराएक वर्षांनी आली, आणि परग्रहवासीयांशी संपर्क साधण्याच्या हट्टातून माणूस हल्ल्यापर्यंत कसा पोचतो, हे तिच्याइतक्या निर्दयपणे त्यांनी आधी क्वचितच लिहिले होते.