मंत्री आणि सेनापती : १९५९ ते १९६५
राज्यघटनेच्या कलम ५३ नुसार राष्ट्रपती हे संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापती असले, तरी निर्णयाचा अधिकार लोकनियुक्त सरकारचाच असतो. या व्यवस्थेची कसोटी १९५९ मध्ये लागली. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदांमुळे लष्करप्रमुख जनरल के. एस. थिमय्या यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरू यांनी तो मागे घ्यायला लावला आणि नंतर संसदेत थिमय्यांवरच टीका केली. नागरी सत्तेचे वर्चस्व सिद्ध झाले खरे. पण लष्करी सल्ल्याचे वजन घटले. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव तुटपुंजा असलेले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्याकडे १९६२ मध्ये ईशान्य सीमेवरील चौथ्या कोअरची सूत्रे गेली, ती याच वातावरणात.

चीनकडून झालेल्या पराभवात मेनन यांना पद सोडावे लागले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. त्याहून मोलाची ठरली ती तिन्ही दलप्रमुखांबरोबर नियमित सकाळच्या बैठकांची प्रथा. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्यास चव्हाणांनी त्याच दिवशी मंजुरी दिली आणि सायंकाळीच विमाने झेपावली.