आहारावरचा ठपका आणि प्रथिनातील बदल

क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा दुर्मिळ रोग आहे. जगभरात दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण आढळतात. स्मृती झपाट्याने जाते, तोल सुटतो, हातपाय झटके देतात आणि बहुतेक रुग्ण वर्षभरातच दगावतात. १९७४ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी दाखवून दिले की, लिबियातून मुख्यतः १९४९ ते १९५१ या काळात तेथे आलेल्या ज्यूंमध्ये या रोगाचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक आहे.

त्याच वर्षी कारणही सुचवले गेले : हे लोक मेंढीचे डोळे खातात. तर्क अगदीच निराधार नव्हता. मेंढ्यांना 'स्क्रेपी' हा मिळताजुळता रोग होतो, हे युरोपातील पशुपालकांना अठराव्या शतकापासून ठाऊक होते. शिवाय पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांत मृत आप्तांचे अवयव खाण्याच्या प्रथेतून 'कुरू' पसरल्याचे पुढे आले होते. त्या संशोधनाबद्दल गायडुसेक यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही एक साधा प्रश्न उरतोच. मेंढी-बकऱ्याचा भेजा तर आपल्याकडेही आवडीने खाल्ला जातो. मग हा रोग एकाच समाजात का? एका घरातील अनेकांना रोग व्हावा, हे मात्र दोन्ही बाजूंना सोयीचे होते. घरात रक्त एक असते, तसे ताटही एकच असते.

माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. आनुवंशिक रोग सांसर्गिक असू शकतो, ही कल्पनाच तेव्हा कोणाला सुचणे अवघड होते. १९८२ मध्ये प्रूसिनर यांनी 'प्रिऑन' हा शब्द योजला आणि केवळ प्रथिनच रोगकारक असू शकते, असे मांडले. त्यांची बरीच टर उडवली गेली. नोबेल मिळाले ते १९९७ मध्ये.

उलगडा १९९०-९१ मध्ये झाला. विसाव्या गुणसूत्रावरील जनुकात एकच अक्षर बदलते. त्यामुळे २५३ अमिनो आम्लांच्या प्रिऑन प्रथिनात २०० व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते. ऋण भाराच्या जागी धन भार आला की प्रथिनाची घडी चुकते. चुकीची घडी शेजारच्या प्रथिनालाही तशीच वळवते. हा बदल मातापित्यांपैकी एकाकडे असला, तरी प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. मराठीतील 'वारसा' आणि उर्दूतील 'मौरूसी' हे शब्द एकाच अरबी धातूचे. आहारावरचा रोख सुटला तो या शब्दाशी येऊन.

नेमका हाच बदल स्लोव्हाकियातील ग्रामीण कुटुंबांत आणि चिलीतही आढळला. स्लोव्हाकियातही आधी मेंढ्यांवरच संशय घेतला गेला होता. आज रक्ताच्या चाचणीने तो ओळखता येतो. उपचार मात्र अद्याप नाही, त्यामुळे अशा घरांतील अनेक जण चाचणीच करून घेत नाहीत.