शेवळं आणि काकडं

पावसाच्या तोंडाशी ठाण्या-कल्याणच्या बाजारात शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. शहापूर-मुरबाडकडच्या ठाकूर, कातकरी बाया त्या रानातून खुडून आणतात.

आगगाडी १८५३ साली ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला, आणि लांबच्या भाजीला वाट मोकळी झाली. बटाटा तर त्याहून जुना पाहुणा. नावासकट पोर्तुगीजांकडून आलेला. तो आठवडेच्या आठवडे टिकतो, म्हणून दुकानदाराचा लाडका. शेवळं लगेच मान टाकतात. मग बाई ती का आणते? बियाणं नको, खत नको. भांडवल काय ते पायपिटीचं. शिवाय गिऱ्हाईक ठरलेलं. ठाण्यातले जुने कायस्थ प्रभू शेवळांत कोलंबी घालतात आणि त्यासाठी भाव फारसा करीत नाहीत म्हणे!

पण शेवळं घशाला खाजतात. त्यांत काकडाची आंबट फळं घालावीच लागतात. जाणती विकणारी जुडीबरोबर काकडंही देते, कृतीही सांगते. डोंबिवलीत नव्यानं बिऱ्हाड केलेल्याला हे ठाऊक नसतं. एकदा घसा खाजला, की तो पुन्हा शेवळांच्या वाटेला जात नाही. त्या बाईचं एक गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

गुरुजी, वर्गातल्या पाड्यावरच्या पोरांना काकडाचं झाड विचारून पाहा. तीच तुम्हाला हाताला धरून दाखवायला नेतील.