विमानविषयक जुन्या वस्तूंचा संग्रह

विमानविषयक जुन्या वस्तूंचा संग्रह हा विमाने, वैमानिक आणि विमान कंपन्या यांच्याशी संबंधित जुनी पुस्तके, नियतकालिके, प्रतिकृती, टपालाची पाकिटे, वेळापत्रके, गणवेशावरील बिल्ले व प्रत्यक्ष विमानांचे सुटे भाग गोळा करण्याचा छंद होय. युरोप व अमेरिकेत तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. भारतात या छंदाचा वावर मुख्यतः हवाई टपालाची पाकिटे आणि एअर इंडियाच्या वस्तू यांभोवती राहिला आहे. या संग्रहातील बहुतेक वस्तू टिकवून ठेवण्यासाठी निर्माण झालेल्याच नव्हत्या. वेळापत्रक हंगाम संपला की रद्दीत जाई, प्रवासी सामानाची चिठ्ठी घरी पोहोचताच फाडून टाकी आणि प्रतिकृतीचे वेष्टन तर ती जोडण्यापूर्वीच केरात जाई. म्हणूनच जे वाचले ते दुर्मीळ ठरले. मात्र वस्तूचे खरे मोल केवळ दुर्मीळपणावर ठरत नाही. ती कोठून आणि कोणाकडून आली याची विश्वसनीय नोंद, म्हणजे तिची पूर्वपीठिका, तिच्याबरोबर आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे मानले जाते.

पुस्तके व नियतकालिके

विमानविषयक संदर्भग्रंथांची परंपरा १९०९ पासून धरली जाते. युद्धनौकांच्या वार्षिकामुळे प्रसिद्ध झालेले फ्रेड टी. जेन यांनी त्या वर्षी जगातील हवाई वाहनांचे वार्षिक काढले. 'जेन्स ऑल द वर्ल्ड्स एअरक्राफ्ट' या नावाने ते पुढे जगन्मान्य झाले. 'फ्लाइट' हे ब्रिटिश साप्ताहिकही १९०९ च्या जानेवारीत सुरू झाले, तर सी. जी. ग्रे यांचे 'द एअरोप्लेन' १९११ मध्ये. जेनच्या वार्षिकाचे खंड वजनदार असून त्यांची बांधणी लवकर सैल होते. बाजारात येणाऱ्या प्रतींपैकी पुष्कळ प्रती ग्रंथालयांनी मोडीत काढलेल्या असतात व त्यांवर शिक्के आणि क्रमांक असतात. असे शिक्के संग्राहकांना सहसा नकोसे वाटतात. तथापि एखाद्या विमान कारखान्याच्या किंवा वायुदलाच्या ग्रंथालयाचा शिक्का असेल तर तोच प्रतीचे महत्त्व वाढवतो.

खिशात मावणाऱ्या पुस्तकांत फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनाची 'ऑब्झर्व्हर्स' माला सर्वाधिक परिचित आहे. तिच्यातील विमानांवरचे पहिले पुस्तक दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये आले. आकाशातील विमान शत्रूचे की आपले हे ओळखण्याची गरज त्या वेळी सामान्य नागरिकालाही होती. १९५० च्या दशकापासून विल्यम ग्रीन यांच्या नावाशी जोडली गेलेली वार्षिक आवृत्ती शाळकरी मुलांच्या खिशात असे. त्यामुळे आज कोऱ्या वेष्टनासह प्रत मिळणे कठीण झाले आहे.

गंभीर अभ्यासकांची पसंती मात्र पटनम या लंडनच्या प्रकाशनसंस्थेच्या ग्रंथांना असते. ओवेन थेटफर्ड यांचा ब्रिटिश शाही वायुदलाच्या विमानांवरील ग्रंथ (१९५७) आणि ए. जे. जॅक्सन यांचा डी हॅव्हिलँड विमानांवरील ग्रंथ (१९६२) ही या मालेची ठळक उदाहरणे होत. प्रत्येक विमानाची त्रिदर्शी रेखाकृती, नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाचा तपशील ही या ग्रंथांची पद्धत पुढे अनेकांनी उचलली. १९६५ पासून निघालेल्या 'प्रोफाइल' पुस्तिकांत एका अंकात एकच विमान घेतले जाई व त्याची रंगसंगती रंगीत चित्रांतून दाखवली जाई. प्रतिकृती रंगवणाऱ्यांना त्या फार उपयोगी पडल्या. ज्या अंकांवर रंगाचे डाग आहेत ते खरोखर वापरले गेले, एवढे निश्चित म्हणता येते.

कथावाङ्मयात डब्ल्यू. ई. जॉन्स यांच्या 'बिगल्स' मालिकेला वेगळे स्थान आहे. स्वतः पहिल्या महायुद्धातील वैमानिक असलेल्या जॉन्स यांचे या मालिकेतील पहिले पुस्तक 'द कॅमल्स आर कमिंग' १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळातील मूळ कागदी वेष्टनासह असलेली प्रत आणि वेष्टन नसलेली प्रत यांच्या किमतींत अनेक पटींचा फरक पडतो. मुंबईत इंग्रजी राजवटीपासून साचलेली अशी पुस्तके हुतात्मा चौक परिसरातील पदपथांवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून अधूनमधून हाती लागत.

प्रतिकृती

ब्रिटनमध्ये १९३२ साली आलेल्या 'स्कायबर्ड्स' या लाकडी संचांनी १:७२ हे प्रमाण रूढ केले. या प्रमाणात मूळ विमानाची सहा फूट लांबी प्रतिकृतीत एका इंचात बसते आणि साधारण सहा फूट उंचीचा वैमानिक एक इंचाचा होतो. पुढे 'फ्रॉग' कंपनीने १९३६ मध्ये 'पेंग्विन' या नावाने प्लास्टिकचे जोडणीसंच काढले. महायुद्धात प्रतिकृती हे खेळणे राहिले नाही. अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांना पाच लाख लाकडी विमाने घडवण्याचे आवाहन केले, कारण सैनिकांना विमानांचे आकार ओळखायला शिकवण्यासाठी ती हवी होती. त्याच कामासाठी कारखान्यांतून काळ्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीही तयार झाल्या. त्यांच्या पोटावर विमानाचे नाव व तारीख उठवलेली असल्याने त्यांची ओळख पटवणे सोपे जाते.

युद्धोत्तर काळातील सर्वांत परिचित नाव एअरफिक्सचे आहे. हंगेरीतून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये ही कंपनी स्थापन केली. तिचा पहिला विमानसंच १९५३ मधील स्पिटफायर हा होय. वुलवर्थच्या दुकानांत तो दोन शिलिंगांना मिळे. त्यावरील 'बीटी-के' ही अक्षरे ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची होती, पण आज त्याच अक्षरांमुळे संग्राहक हा संच ओळखतात. आरंभीचे छोटे संच पारदर्शक पिशवीत येत आणि पिशवीच्या माथ्यावर छापील कागदाची घडी टाचलेली असे. ती घडी जवळजवळ प्रत्येक मुलाने फेकून दिली. परिणामी, जोडून रंगवलेल्या देखण्या विमानापेक्षा न उघडलेली पिशवी महाग, असा या छंदाचा काहीसा चमत्कारिक न्याय आहे. १९६४ पासून रॉय क्रॉस यांनी काढलेली वेष्टनचित्रे स्वतंत्र कलाकृती म्हणून संग्रहित केली जातात. कंपनी १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली व अनेक हातांतून जाऊन २००६ मध्ये हॉर्नबीकडे आली.

जुन्या संचाची पारख करताना साच्यांचा प्रवास लक्षात घ्यावा लागतो. फ्रॉगचे पुष्कळ साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात गेले व त्यांतून 'नोव्हो' या नावाने संच निघाले. म्हणजे आतले प्लास्टिक तेच, पण वेष्टन, कागद व देश निराळे. केवळ सुट्या भागांवरून संच कोणत्या काळातला हे सांगणे त्यामुळे अशक्यप्राय होते.

हवाई टपाल

या शाखेत भारताचे स्थान पहिले आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने हंबर बनावटीच्या द्विपंखी विमानातून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. ते जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल मानले जाते. पत्रांवर विमानाचे चित्र असलेला किरमिजी रंगाचा खास शिक्का मारला होता. मोजक्या पाकिटांवर तो काळ्या शाईत आढळतो व त्यांना मोठी मागणी असते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. या उड्डाणाची पाकिटे टपालसंग्राहकांत प्रतिष्ठेची मानली जातात. पाकिटावरील पाठवणाऱ्या आणि पोहोचलेल्या ठिकाणांचे दोन्ही टपालशिक्के हा त्याच्या प्रवासाचा पुरावा असतो. म्हणून तिकीट सोडवून घेऊन पाकीट टाकून देणे ही जुनी सवय या शाखेत अत्यंत हानिकारक ठरली.

एअर इंडियाच्या वस्तू

एअर इंडियाचा 'महाराजा' १९४६ मध्ये बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेतून साकारला. भित्तिपत्रके, भोजनपत्रिका, पत्त्यांचे जोड, पंखे, छोट्या मूर्ती अशा असंख्य रूपांत तो प्रवाशांच्या घरी गेला. कंपनीची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेली. त्या विमानाचे नाव 'मलबार प्रिन्सेस' होते.

या वस्तूंतील सर्वांत नावाजलेली म्हणजे साल्व्हादोर दाली यांनी १९६७ मध्ये घडवलेली चिनी मातीची रक्षापात्रे. राजहंस आणि हत्ती यांच्या आकृती उलट्या धरल्यास एकमेकांसारख्या दिसाव्यात अशी त्यांची रचना आहे. मोबदल्यात दालींनी हत्तीचे पिलू मागितले आणि कंपनीने ते खरोखर विमानाने पाठवले. निवडक प्रवाशांना भेट देण्यासाठी ही रक्षापात्रे मर्यादित संख्येतच तयार झाली.

कंपनीने कार्यालयांसाठी वासुदेव गायतोंडे, मकबूल फिदा हुसेन, बी. प्रभा आदींची चित्रेही घेतली होती. या संग्रहाच्या नोंदी ठेवण्यात पुढे शैथिल्य आले. जतिन दास यांचे 'फ्लाइंग अप्सरा' हे चित्र २०१७ मध्ये बाहेर विक्रीस आल्याचे उघड झाले, तेव्हा कंपनीकडील किती कलाकृती जागेवर आहेत हा प्रश्न सार्वजनिक झाला. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे परत गेली, पण कलासंग्रह सरकारकडे राहिला व नंतर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्यात आला. चित्रांची काळजी अशा रीतीने घेतली गेली, पण वेळापत्रके, बिल्ले, भोजनपत्रिका आणि तिकिटांचे नमुने यांच्या वाट्याला अशी व्यवस्था आली नाही. ती सामग्री आजही प्रामुख्याने खाजगी संग्राहकांच्या कपाटांत आहे.

अपघातस्थळांवरील अवशेष

विमानाचे सुटे भाग गोळा करण्याची शाखा सर्वाधिक वादग्रस्त आहे. 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी फ्रान्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले व त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान त्याच पर्वतावर आदळून ११७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ हिमनदीच्या प्रवाहाबरोबर दशकानुदशके खाली सरकत आले आहेत. २०१२ मध्ये तेथे भारतीय परराष्ट्र खात्याच्या टपालाची थैली सापडली व ती भारतीय दूतावासाकडे गेली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांनी भरलेली पेटी मिळाली. त्याने ती पोलिसांच्या स्वाधीन केली. वारसांचा माग न लागल्याने २०२१ मध्ये ती रत्ने तो गिर्यारोहक आणि शामोनीची नगरपालिका यांच्यात वाटली गेली.

अशा ठिकाणच्या वस्तू संग्रहात घ्याव्यात की नाहीत, याबद्दल संग्राहकांत एकमत नाही. ऊन-बर्फात नष्ट होण्यापेक्षा त्या वाचलेल्या बऱ्या, असे एक मत आहे. त्या ठिकाणी मृतांचे अवशेषही आहेत आणि ते स्थळ दफनभूमीसमान मानावे, हे दुसरे मत होय. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने कोसळलेल्या लष्करी विमानांना आपोआप संरक्षण मिळते व परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही.

पूर्वपीठिका व बनावट वस्तू

नोंदीचे महत्त्व लेखक आंत्वान द सँतेक्झ्युपेरी यांच्या प्रकरणात दिसून आले. १९४४ मध्ये बेपत्ता झालेल्या या वैमानिकाच्या नावाची हातसाखळी १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात सापडली, तेव्हा ती बनावट असल्याचा संशय घेतला गेला. पुढे समुद्रातून काढलेल्या लॉकहीड विमानाच्या तुकड्यावरील उत्पादन क्रमांक जुळला आणि २००४ मध्ये विमानाची ओळख पटली.

बाजारात मात्र असे क्रमांक क्वचितच मदतीला येतात. स्पिटफायरच्या वैमानिकांसाठीची सूचनापुस्तिका, 'एअर पब्लिकेशन १५६५', पुनर्मुद्रणाच्या रूपात सर्रास मिळते आणि तिलाच मूळ प्रत म्हणून विकले जाते. मूळ प्रतीत पुढे निघालेल्या दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या बहुधा चिकटवलेल्या आढळतात. वैमानिकाची उड्डाणनोंदवही सुटी पाने करून विकणे हा प्रकार बनावटीपेक्षाही वाईट म्हटला पाहिजे, कारण एकेक पान खरे असूनही त्या माणसाच्या सेवेचा अखंड वृत्तान्त कायमचा नाहीसा होतो. संग्राहकाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी कागद आणि वस्तू वेगवेगळ्या विकल्या तरी हेच घडते. कॉन्कॉर्डचे सुटे भाग डिसेंबर २००३ मध्ये बॉनम्सच्या लिलावात विकले गेले, तेव्हा विक्रेता खुद्द ब्रिटिश एअरवेज असल्याने खरेपणाची शंका नव्हती. विमानाच्या नाकाड्याला तेथे ३,२०,००० पौंड मिळाले.

जतन

महायुद्धकाळातील ब्रिटिश पुस्तकांचा कागद हलका असल्याने पाने पिवळी पडून तुटतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी आणि कसर यांची त्यात भर पडते. प्रतिकृतींवर चिकटवायची पिवळी पडलेली चित्रे काही दिवस उन्हाच्या काचेवर ठेवल्यास बरीच उजळतात. युद्धपूर्व डिंकी विमानांच्या जस्तमिश्रित धातूत शिसे मिसळले गेल्याने तो आतून फुगतो, त्याला तडे जातात व शेवटी चुरा होतो. यावर उपाय नाही. युद्धकालीन काळ्या प्रतिकृती वाकू लागल्या आणि त्यांना शिरक्यासारखा वास येऊ लागला, तर त्या इतर वस्तूंपासून लगेच वेगळ्या ठेवतात.

जुन्या विमानांतील उपकरणांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. चमक गेली म्हणजे धोका गेला असा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात चमक देणारे द्रव्य तेवढे निकामी झालेले असते. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षांचा असल्याने किरणोत्सर्ग जवळजवळ तेवढाच राहतो. अशी तबकडी उघडू नये, घासून स्वच्छ करू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.