गहू सोसत नाही? सेलिअॅक आजार समजून घ्या. कोकणातलं ताट येतं मदतीला

मिरजोळे (रत्नागिरी) : पोर वयाच्या मानाने वाढत नाही, पोट फुगलेलं, वारंवार जुलाब, किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. अशा वेळी ‘जंत झाले असतील’ म्हणून थांबू नये. यामागे सेलिअॅक आजार असू शकतो.

काय आहे हा आजार?
गहू, बार्ली (जव) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सेलिअॅक असलेल्यांच्या शरीरात ग्लुटेन गेलं की रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचे बारीक अंकुर झिजतात, अन्नातलं सत्त्व अंगी लागत नाही. ही साधी अॅलर्जी नव्हे आणि संसर्गजन्यही नाही. डच डॉक्टर विलेम डिके यांनी 1940 च्या दशकात गव्हाशी असलेला संबंध दाखवून दिला. भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त दिसतो. पण भातखाऊ भागातही तो आढळतो.

आधी तपासणी, मग पथ्य
‘टीटीजी-आयजीए’ ही रक्ततपासणी केली जाते. गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. तपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. रुग्णाच्या आईवडील, भावंडं व मुलांचीही तपासणी करून घ्यावी.

काय चालतं?
भात, तांदळाची व नाचणीची भाकरी, घावणे, आंबोळी, उकडीचे मोदक, ज्वारी, बाजरी, डाळी, मासे, अंडी, दूध, भाज्या, फळं. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं.

काय टाळायचं?
चपाती, पाव, बटर, खारी, टोस्ट, बिस्किटं, मैदा, गव्हाचा रवा व शेवया. वडापावातला पाव तर मैद्याचाच. बाजारातल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्येही गहू असतो. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

गिरणीत सांभाळा
गव्हानंतर लगेच तांदूळ दळला तर पीठ मिसळतं. जमल्यास घरची वेगळी चक्की वापरावी. पोळपाट, तवा, डबा वेगळा ठेवावा.

यावर औषध नाही, पथ्य जन्मभराचं. ‘सणाला एक पुरणपोळी खाल्ली तर काय होतंय’ असा आग्रह पाहुण्यांनीही करू नये. पथ्य पाळलं तर आतडं भरून येतं आणि मूल पुन्हा वाढीला लागतं.