जुनं ते सोनं?

‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्याने संगणक कधी विकायला काढला नसावा. १९७६ साली अ‍ॅपल-१ हा संगणक ६६६ डॉलर ६६ सेंटला निघाला. बनले जेमतेम २००. नवं मॉडेल आलं नि त्यातले कित्येक भंगारात गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात उरलेल्यांपैकी एकाला ९,०५,००० डॉलर आले! म्हणजे भाव चढवला तो फेकणाऱ्यांनी. मग माझ्या सात वर्षांच्या लॅपटॉपचं काय? “साहेब, बॅटरी गेली, बिजागरी सैल. दीड हजार देतो, तेही तुमच्याकडे बघून,” दुकानदार म्हणाला. नवेपण सरलेलं नि दुर्मीळ व्हायला तीस वर्षं बाकी, हा मधला काळ मोठा वाईट. निवृत्त माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.